घरासाठी बचत करताना हात किती आखडता घ्यावा?

प्रश्न (वारजेकर)
आम्ही दोघे नोकरी करतो, मुलगी सात वर्षांची आहे आणि पुण्यात वारज्याला २२,००० रुपये भाडे भरून राहतो. दोघांचे मिळून महिन्याला १,६०,००० रुपये हातात येतात. ५ लाख साठले आहेत आणि आणखी तीन वर्षांत साधारण ८० लाखांचा टू बीएचके घ्यायचा आहे. यजमानांनी वर्षभरापासून हॉटेल, सहल, कपडे सगळे बंद केले असून त्यामुळे दरमहा ६०,००० बाजूला पडतात. आता मुलीचा कथकचा क्लासही थांबवावा, असे त्यांचे म्हणणे आहे. घर मलाही हवेच आहे. पण दिवाळीला माहेरी नेण्याच्या मिठाईचाही हिशेब होऊ लागला की मन खट्टू होते. काटकसर कुठे थांबवावी?

प्रतिसाद (कोथरूडचा हिशेबनीस)
ताई, आधी आकडा नक्की करा, कारण बहुतेक लोक ‘वीस टक्के स्वतःचे’ एवढेच धरून चालतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे तुमचे १६ लाख, पुणे महापालिका हद्दीतले ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३०,००० आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ४ लाख. एकूण झाले २५ लाख ९० हजार. ६०,००० प्रमाणे ३६ महिन्यांचे २१ लाख ६० हजार आणि हातातले ५ लाख मिळवले तर तुम्ही व्याज न धरताही तिथे पोहोचता. पूर्णत्वाचा दाखला मिळालेले घर घेतले तर जीएसटी लागतच नाही. तेव्हा कथकची फी वाचवून नक्की कोणते भगदाड बुजणार आहे, हे यजमानांनाच विचारा.

घर फक्त तुमच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ८०,००० रुपये, सवलत मिळते. मात्र नवऱ्याचे नाव जोडले की ती जाते. उलट दोघेही जुन्या करप्रणालीत असाल, तर संयुक्त मालकी व संयुक्त कर्जात प्रत्येकाला व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट घेता येते, त्यामुळे दोन्ही बाजू मांडून मगच नावे ठरवा.

प्रतिसाद (पिंपळगावची सून)
मी यजमानांची थोडी बाजू घेईन. वरच्या हिशेबात संकटकाळची शिल्लक शून्य आहे, आणि ग्रिल, स्वयंपाकघरातली ट्रॉली, पार्किंग, सोसायटीचा देखभाल खर्च हे चावी हातात आल्यावर एकदमच समोर उभे राहतात. तरीही आठवड्याच्या मिसळीवर टाच आणून हे पैसे उभे राहत नाहीत. ७० लाखांचे घर पाहिले, तर एका निर्णयात स्वतःचे २ लाख आणि त्यावरचे शुल्क वाचते. माझ्या मते माहेरचा फराळ, मुलीचा क्लास आणि वर्षातून एक सहल यांची रक्कम आधीच वेगळी काढावी आणि त्यावर पुन्हा चर्चाच करू नये. रोज चर्चा होते तिथे पैशांपेक्षा माणसे लवकर दमतात.

प्रतिसाद (कोथरूडचा हिशेबनीस)
खरी कसोटी हप्त्याची आहे. ६४ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ५५,५०० होतो. आज भाडे आणि बचत मिळून ८२,००० बाजूला जातात, म्हणजे तयार घरात गेल्यावर, भाडे संपल्यामुळे, साडेसव्वीस हजार मोकळे होतील. बांधकाम चालू असेल तर मात्र ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्जाचा भार एकाच वेळी सोसावा लागतो, आणि ताबा लांबला तर तो किती महिने, हे आपल्या हाती नसते. म्हणून अशा प्रकल्पाची महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावरील ताब्याची तारीख पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याचा विकासकाला अधिकार नाही, हेही यजमानांच्या कानावर घाला.

वारजेकर
आभारी आहे. तयार घरेच पाहायची, असे आज यजमानही म्हणाले. क्लास चालू राहील. पुनर्विक्रीचे घर असेल तर काय तपासावे?

प्रतिसाद (पिंपळगावची सून)
पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि मागच्या सर्व विक्रीकरारांची साखळी. इमारत जुनी असेल तर बँक कर्जाची मुदत कमी करू शकते, म्हणून घर पसंत पडताच आधी बँकेत विचारा.