मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर गिळण्यासाठी टीडीसीएस (डोक्यावरून सौम्य वीजप्रवाह देऊन मेंदूला चालना), १० सत्रांनंतरही फरक नाही

रुग्ण ६१ वर्षांचे, उजव्या एमसीएचा (मेंदूच्या मधल्या धमनीचा) इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून झालेला स्ट्रोक, ७ आठवडे झाले. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) चालू आहे. व्हिडिओफ्लुरोस्कोपीत (गिळतानाच्या एक्स-रे चित्रणात) पातळ द्रवाला पेनिट्रेशन-अ‍ॅस्पिरेशन स्कोअर (श्वासमार्गात किती जातं याचा, १ ते ८, जास्त म्हणजे वाईट) ७. श्वासनलिकेत गेलेलं खोकूनही बाहेर येत नाही. घट्ट केलेल्या द्रवाला ५. ब्रेनस्टेम सुरक्षित, सूचना नीट समजतात. फिट कधीच नाही, पेसमेकर किंवा डोक्यात धातू नाही, क्रॅनिएक्टमी (कवटीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया) झालेली नाही.

अ‍ॅनोड (धन इलेक्ट्रोड) निरोगी बाजूला, म्हणजे डावीकडे, सी३ आणि टी३ (ईईजीचे डोक्यावरचे ठरलेले बिंदू) च्या मधोमध. कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) उजव्या भुवईच्या वर. ३५ चौरस सेंमी स्पंज, २ एमए, २० मिनिटं, आठवड्यात ५ दिवस. करंट चालू असतानाच जोर लावून गिळणं आणि मेंडेलसन (गिळताना स्वरयंत्र वर धरून ठेवण्याचा व्यायाम). पहिल्या दोन सत्रांत स्पंज सुकून इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) चढत होता. जास्त सलाइन ओतलं तर ते केसांतून पसरतं आणि करंट नेमका कुठे जातो ते कळेनासं होतं, म्हणून आता दर ७-८ मिनिटांनी सिरिंजने थोडंथोडंच सोडतो. ती अडचण संपली. स्कोअर मात्र तसाच.

शंका औषधावर आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी (चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वेदनेसाठी) जुनं कार्बामाझेपिन चालू आहे, २०० मिग्रॅ दोनदा. सोडियम चॅनेल अडवणारं हे औषध अ‍ॅनोडल उत्तेजना दाबतं, हे निरोगी लोकांत दिसलेलं आहे. न्यूरॉलॉजिस्ट ते बंद करायला तयार नाहीत. फार तर त्याऐवजी गॅबापेन्टिन देण्याचा विचार करतील. आरटीएमएस (चुंबकीय लहरींनी मेंदूला चालना) आमच्याकडे नाही.

कार्बामाझेपिन चालू असताना कुणाला टीडीसीएसने गिळण्यात फरक दिसलाय का? की औषध बदलेपर्यंत सत्रं थांबवून फक्त व्यायाम चालू ठेवावेत?