कॉमन लॉची पहिली ओळख निकालपत्रातून व्हावी की इतिहासातून?

धागालेखक: निवाडावाचक

इंग्लंडमधील कॉमन लॉ, म्हणजे मुख्यतः न्यायाधीशांच्या निकालांतून घडत गेलेला कायदा, या पद्धतीची ओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमांचा क्रम सहसा ठरलेला असतो. आधी कायद्याची उगमस्थाने, नंतर न्यायालयांची उतरंड, त्यानंतर पूर्वनिर्णयांचे बंधन आणि सर्वांत शेवटी निकाल. तेही चार ओळींच्या सारांशात. माझ्या मते हा क्रम उलटवावा आणि पहिल्याच आठवड्यात एक निकालपत्र अल्पमतासकट संपूर्ण वाचायला द्यावे.

उदाहरणासाठी 'डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन' हा 1932 चा निकाल घेऊ. 1928 च्या ऑगस्टमध्ये पेझ्ली येथील एका कॅफेत मैत्रिणीने डोनोह्यू बाईंसाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची असल्यामुळे आतले काही दिसत नव्हते. उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे बाईंचे म्हणणे होते. पैसे मैत्रिणीने दिले असल्यामुळे बाईंचा कोणाशीच करार झालेला नव्हता. म्हणून त्यांनी थेट उत्पादकावर दावा लावला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की असा दावा चालू शकतो.

सारांशात यातले 'शेजाऱ्याचे तत्त्व' तेवढे उरते: आपल्या कृतीची झळ ज्याला लागेल असे वाजवीपणे दिसते, त्याच्याबाबत काळजी घेणे आपले कर्तव्य आहे. मूळ निकालपत्र वाचणाऱ्याच्या मात्र लक्षात येते की बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती, याचा निवाडा झालेलाच नाही. आरोप खरे धरले तर कायद्यात दाद मिळू शकते का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. बहुमतातले न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन आधी व्यापक तत्त्व सांगतात आणि शेवटी कितीतरी अरुंद विधान करतात: ज्या उत्पादकाचा माल मधल्या तपासणीची वाजवी शक्यता नसताना ग्राहकाच्या हाती जातो, त्याच्यावर हे कर्तव्य आहे. यातले बंधनकारक किती आणि ओघात आलेले किती, म्हणजेच रेशो कोणता आणि ऑबिटर कोणते, हे वाचकालाच शोधावे लागते. ती शोधाशोध करणे म्हणजेच कॉमन लॉ शिकणे, असे मला वाटते.

प्रतिसाद: मुळापासून

उदाहरण आकर्षक आहे; मात्र ते आपल्याच म्हणण्याच्या विरोधात जाते. हा दावा स्कॉटलंडमधला होता, आणि स्कॉटलंडचा कायदा निखळ कॉमन लॉ परंपरेतला नाही. त्यात रोमन कायद्याचा मोठा अंश मिसळलेला आहे. या मुद्द्यावर दोन्ही देशांचा कायदा एकच आहे असे धरून लॉर्ड्सनी निकाल दिला, म्हणून तो इंग्लंडलाही लागू पडला. ज्या नवख्या विद्यार्थ्याला न्यायालयांची रचनाच ठाऊक नाही, तो पहिल्या पानावरच अडखळेल.

अल्पमताचे तर आणखी अवघड. लॉर्ड बकमास्टर इतक्या ठामपणे विरोधात का गेले? पूर्वीच्या निकालांत अशा दाव्याला जागा सापडत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आजच्या वाचकाला तो हट्टीपणा वाटतो. पण 'झालेला अन्याय कोणत्या प्रकारच्या दाव्यात बसतो' हा प्रश्न आधी विचारण्याची सवय इंग्रज वकिलांना शतकानुशतके लागलेली होती. राजाच्या न्यायालयात दाद मागायची तर ठरावीक नमुन्याचे रिट, म्हणजे दावा सुरू करणारा राजाच्या नावाचा लेखी आदेश, घ्यावे लागे. 1258 च्या ऑक्सफर्ड येथील तरतुदींनी चॅन्सलरच्या, म्हणजे रिटे देणाऱ्या राजाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, नवी रिटे काढण्याच्या अधिकाराला वेसण घातली, आणि जिथे रिट नाही तिथे हक्क असूनही दाद नाही अशी स्थिती आली.

इक्विटी, म्हणजे कॉमन लॉ अपुरा पडे तिथे चॅन्सलरने दिलेल्या न्यायातून घडलेले नियम, समजायलाही हाच धागा धरावा लागतो. विश्वासाने दुसऱ्याच्या नावावर केलेली जमीन त्या माणसाने गिळंकृत केली, तर कॉमन लॉ न्यायालय कागदोपत्री मालकापलीकडे पाहत नसे. मग चॅन्सलरकडे धाव घ्यावी लागे, आणि तो त्या मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीला बांधून घेई. हे दोन प्रवाह एकाच न्यायालयाच्या छपराखाली आले ते 1873 ते 1875 च्या अधिनियमांनी. हा इतिहास वगळला, तर नुकसानभरपाई हक्काने मिळते पण इक्विटीतून आलेला मनाई हुकूम न्यायालयाच्या विवेकाधीन का, या प्रश्नाला 'तसा नियम आहे' याखेरीज उत्तर उरत नाही.

प्रतिसाद: कलमवार

वरील दोघांचाही भर न्यायाधीशांनी घडवलेल्या कायद्यावर आहे, आणि नवख्याची खरी दिशाभूल तिथेच होते. आज इंग्लंडमधील न्यायालयांच्या कामाचा फार मोठा भाग संसदेच्या अधिनियमांचा अर्थ लावण्यात जातो. कॉमन लॉ म्हणजे संहितेचा अभाव, ही समजूतही चुकीची आहे. 1872 चा भारतीय करार कायदा हे कॉमन लॉच्या परंपरेतच झालेले संहिताकरण आहे.

म्हणून निकालच द्यायचा असेल, तर 'फिशर विरुद्ध बेल' द्यावा. ब्रिस्टलमधील एका दुकानदाराने काचेमागे खटक्याने उघडणारा चाकू ठेवला होता आणि त्याला चार शिलिंगांची चिठ्ठी लावली होती. 1959 च्या अधिनियमाने असा चाकू विकणे, भाड्याने देणे किंवा त्यासाठी 'ऑफर' करणे हा गुन्हा ठरवला होता. पण करारकायद्यात दुकानाच्या काचेमागे मांडलेली वस्तू ही ऑफर मानली जात नाही. ते गिऱ्हाइकाला ऑफर करण्याचे आमंत्रण असते. त्यामुळे 1960 मध्ये दुकानदार सुटला. पुढच्याच वर्षी संसदेने विक्रीसाठी मांडून ठेवणे हेही त्या तरतुदीत घातले. न्यायाधीशांनी घडवलेली संकल्पना, संसदेचा शब्द, त्या शब्दाचा तांत्रिक अर्थ आणि संसदेने केलेली दुरुस्ती, हे सारे मोजक्या पानांत पाहायला मिळते. त्यात गोगलगाय नाही, एवढाच काय तो दोष.

प्रतिसाद: निवाडावाचक

स्कॉटलंडचा मुद्दा मान्य. त्याचा उल्लेख मी सुरुवातीलाच करायला हवा होता.

इतिहासाबाबत मात्र मी सहमत नाही. 'मुळापासून' यांनी बकमास्टर यांचे अल्पमत ज्या रीतीने उलगडून दाखवले, तसे विवेचन निकालपत्र हाती असतानाच मनात ठसते. रिटचा इतिहास आधी शिकवला, तर तो सनावळीसारखा पाठ होतो; एका न्यायाधीशाचा हट्ट समजत नाही म्हणून मागे जाऊन वाचला, तर तो उत्तर म्हणून येतो. मी इतिहास वगळायला सांगत नाही, उशिरा आणायला सांगतो.

'कलमवार' यांचा निकाल उत्तम आहे, पण पूर्वनिर्णयाचा नियम निकालागणिक कसा रुंदावतो हे त्यातून दिसत नाही. त्यासाठी डोनोह्यूच्या जोडीला 1935 चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातील अपिले ऐकणाऱ्या लंडनमधील मंडळाचा, ग्रँट खटला वाचावा. ऑस्ट्रेलियातील एका डॉक्टरांना लोकरीच्या अंतर्वस्त्रांत राहिलेल्या सल्फाइटमुळे त्वचेचा गंभीर विकार जडला. अंतर्वस्त्रे बाटलीसारखी बंद नव्हती, शिवाय ती आधी धुऊन घालता आली असती, असा उत्पादकाचा बचाव होता. तो फेटाळला गेला, कारण दोष लपलेला होता आणि कपडा जसा आला तसाच वापरला जाणे अपेक्षित होते. 'मधली तपासणी' या शब्दांना नेमका किती अर्थ आहे, हे इथे कळते. पुढे 1963 मध्ये हेडली बर्न खटल्यात हे कर्तव्य निष्काळजीपणाने दिलेल्या माहितीलाही लागू होऊ शकते असे ठरले, पण ते दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवावे.

प्रतिसाद: पहिले वर्ष

मी विद्यार्थिनी आहे, त्यामुळे अनुभवाचेच सांगते. संपूर्ण निकालपत्राने सुरुवात केलेल्या वर्गात मी बसले आहे. तिथे पहिले तीन आठवडे रेशो म्हणजे काय हे कोणीही सांगितले नाही. प्रश्न विचारला की उलट प्रश्न यायचा. हार्वर्डमध्ये 1870 पासून तिथले कायद्याचे प्राध्यापक लँग्डेल यांनी हीच पद्धत रूढ केली असे आम्हांला अभिमानाने सांगण्यात आले, पण तिथला विद्यार्थी तेच काम पुढेही दीर्घकाळ करत राहतो. आमचा परिचयपर विषय दहा आठवड्यांत संपला. वरचे न्यायालय खालच्या न्यायालयाला बांधते, एवढे वाक्य पहिल्या तासाला सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते.

प्रतिसाद: मुळापासून

त्या एका वाक्यालाही पुरवणी लागतेच. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1898 मध्ये स्वतःचे पूर्वीचे निकाल स्वतःवर बंधनकारक मानले आणि 1966 मध्ये ते बंधन सैल केले. 1986 मध्ये शिवपुरी खटल्यात तर गुन्ह्याच्या प्रयत्नाबाबत जेमतेम वर्षभरापूर्वी दिलेला स्वतःचाच निकाल लॉर्ड्सनी चुकीचा ठरवला. आधीच्या बहुमतात असलेले लॉर्ड ब्रिज यांनीच नवा निकाल लिहिला आणि आपली चूक कबूल केली. 'कलमवार' यांनाही तो आवडेल, कारण वाद 1981 च्या अधिनियमाच्या अर्थाचा होता.

प्रतिसाद: कलमवार

आवडलाच. मात्र पहिल्या तासाला तो देऊ नये. अशक्य गुन्ह्याच्या प्रयत्नाची संकल्पना समजावण्यातच तास संपेल. चाकूचा निकाल वीस मिनिटांत वाचून होतो.

प्रतिसाद: निवाडावाचक

मग पहिल्या तासाला न्यायालयांची उतरंड फळ्यावर काढून चाकूचा निकाल संपूर्ण वाचावा, आणि दुसऱ्या आठवड्यापासून डोनोह्यू व ग्रँट घ्यावेत. एवढी तडजोड मी करतो. बकमास्टर यांचे अल्पमत मात्र वगळू देणार नाही, आणि रिटचा तास त्यानंतरच.