'स्वामी' झाली, आता रणजित देसाईंचं पुढचं कोणतं?

राजारामपुरीची वाचक:
परवा रात्री 'स्वामी' संपवली. थेऊरचा शेवट वाचून सुन्न झाले, अजून दुसऱ्या पुस्तकाला हात लावावासा वाटत नाही. तरी शनिवारी करवीर नगर वाचन मंदिरात जायचंय. सासरे म्हणतात थेट 'श्रीमान योगी' आण, नवरा म्हणतो शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. आणि 'स्वामी'तलं किती खरं धरायचं? मुलीला माधवराव पेशव्यांची गोष्ट सांगताना मी मध्येच अडले.

नेसरीचा मास्तर:
ताई, दोन्ही राहू देत, आधी 'बारी' आणा. 1959 ची, म्हणजे 'स्वामी'च्या तीन वर्षं आधीची. त्यात पेशवे नाहीत, दरबार नाही. घाटातली बेरड जमातीची माणसं आहेत, त्यांचं रान आहे आणि काळ बदलला तसं हातातून निसटत गेलेलं जगणं आहे. देसाईंना 'स्वामी' कशी जमली, ते मला 'बारी' वाचल्यावर कळलं.

माणूस आमच्या कोवाडचा, चंदगड तालुक्यातला. ताम्रपर्णीच्या काठचं गाव, नेसरीपासून जवळच. इनामदाराच्या घरात जन्म, 1928 चा. शेती, कुळं, घरचा मान आणि तो राखताना होणारी दमछाक त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. म्हणून त्यांचा माधवराव लढाईत जेवढा दिसतो त्याहून जास्त घरात दिसतो. काका विरोधात, आई नाराज, तिजोरीवर कर्ज, छातीत क्षय आणि बाहेर सगळ्यांना हुकूम द्यायचा. हे नुसते कागद वाचून लिहिता येत नाही. मी पोरांना इतिहास शिकवला, पण पेशवाईतलं घर मला या पुस्तकानं दाखवलं. त्याबद्दल देसाईंचे उपकार मानतो.

आता खरं किती? 1761 ला पानिपतानंतर सोळा वर्षांचा मुलगा पेशवा झाला, हे खरं. 1763 ला राक्षसभुवनला निजामाला हरवलं, 1768 ला धोडपला काका राघोबादादांना पकडलं, म्हैसूरच्या हैदरअलीवर मोहिमा काढल्या, हेही खरं. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला वारले, वय 27. बायको रमाबाई सती गेल्या. राज्याच्या कर्जाचा घोर त्यांना शेवटपर्यंत होता. हे सगळं मुलीला बिनधास्त सांगा. पण दोघं नवराबायको एकांतात काय बोलले ते देसाईंचं आहे. रमाबाईंबद्दल कागद फार कमी बोलतात, आणि ती जागा कादंबरीकारानं मायेनं भरली. मुलीला सांगताना एवढं जरूर म्हणा, की "हे लेखकानं मनानं रचलंय." पोरांना ते पटतं, गोष्टीची गोडीही जात नाही.

'श्रीमान योगी' नंतर घ्या, पण नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना गाळू नका. बरेच जण ती पानं उलटून थेट गोष्टीत शिरतात, मला फार वाईट वाटतं. दंतकथा कुठली आणि पुरावा कुठला, हे ज्या शिस्तीनं त्यांनी मांडलंय तसं आमच्या क्रमिक पुस्तकात कधी आलं नाही.

आजऱ्याचा:
मास्तर, सावंतांना मागं का टाकताय? तेही आपल्याच भागातले, आजऱ्याचे. कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला शिकवता शिकवता 'मृत्युंजय' लिहिली, 1967 ला आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं सांगतात. 1994 ला मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला तिला. ताई, तुमच्या मालकांचं ऐका.

नेसरीचा मास्तर:
मागं टाकत नाही ओ. फक्त थेऊरच्या शेवटानंतर लगेच एवढी जाडजूड महाभारताची कादंबरी नको. कर्णच हवा असेल तर देसाईंची 'राधेय' पण आहे, 1973 ची, आकारानं बरीच लहान. 'मृत्युंजय'आधी ती वाचून बघा. एकाच जिल्ह्यातल्या दोघांनी एकाच माणसावर लिहिलं, आणि दोन्ही कर्ण किती निराळे निघालेत!

राजारामपुरीची वाचक:
मग शनिवारी 'बारी' आणि 'राधेय' मागते. सासऱ्यांना आत्ताच कुरुंदकरांबद्दल विचारलं. ते म्हणाले, प्रस्तावना त्यांनीही वाचलेली नाही, म्हणून 'श्रीमान योगी' आता आधी तेच घेणार आहेत.