रात्रीचा धप्प आवाज, ४०२ ची छकुली आणि जिन्यातला क्रिब

३०२ काकू: कालही रात्री दीडला वरून धप्प. मग पळापळ. मग दार. ह्यांना बीपीचा त्रास आहे हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. मी कुणाचं नाव घेत नाहीये.

५०३: काकू, ३०२ च्या वर ४०२ च येतं. 😀

२०१ काका: खाली गादी टाका. विषय संपला.

४०२ छकुलीची आई: काकू, नमस्कार. आवाज आमच्याकडचाच आहे, आणि काकांच्या झोपेचं खरंच वाईट वाटतं. छकुली क्रिबच्या, म्हणजे तिच्या चारी बाजूंनी बंद बाळपलंगाच्या, कठड्यावरून चढून बाहेर यायला लागली आहे. आधी टाच कठड्यात अडकवायची, हनुवटी वर टेकवायची आणि आमच्याकडे बघून हसायची. गादी सगळ्यात खालच्या खाचेवर होती. पाय द्यायला आत उशी नाही, मोठं खेळणंही नाही. तरी एका रात्री डोकं खाली करून अख्खी बाहेर आली. लागलं नाही, पण त्या रात्रीपासून तिला पलंगावर निजवतोय. तुम्हाला ऐकू येतं ते तिचं उडी मारून उतरणं आणि दाराकडे धावणं.

६०२: टाकी धुणार होते त्याचं काय झालं?

५०३: अडीच वर्षांचीसुद्धा नाही ना अजून? आमचा तीन पूर्ण होईपर्यंत क्रिबमध्येच झोपला. एकदाही चढला नाही. सवयीचा प्रश्न असतो.

४०२ छकुलीची आई: ताई, प्रत्येक मूल वेगळं. आम्ही हौसेने काढलेली नाही.

५०३: मी कुठे काय म्हटलं. माहिती म्हणून सांगते. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. १८ ते ३६ महिन्यांची १,९८३ मुलं, पाच देशांतली. क्रिबमध्ये झोपणारी मुलं लवकर झोपतात, रात्री कमी उठतात, सलग जास्त वेळ झोपतात. तुम्ही सगळे वाचा एकदा.

२०१ काका: खाली गादी टाका.

३०१: विषय निघालाच आहे तर, चौथ्या मजल्याच्या वळणावर सुटे केलेले कठडे, लाकडी बाजू आणि स्क्रूची पिशवी कोणाची आहे? रात्री दिवा नसताना माझा पाय अडकला.

सेक्रेटरी: जिना हा बाहेर पडायचा मार्ग आहे. तिथे कोणतीही वस्तू ठेवू नये. हे क्रिबला लागू, सायकलींना लागू, आणि पाचव्या मजल्यावरच्या चपलांच्या कपाटालाही लागू.

५०३: कपाटाबद्दल वार्षिक सभेत बोलून झालं आहे. तेव्हा तुम्ही मान डोलावली होती. आता पुन्हा काढायचं कारण समजलं नाही.

सेक्रेटरी: मान डोलावणं म्हणजे परवानगी नव्हे. इतिवृत्त वाचावे.

१०४ सिस्टर: कपाट नंतर. ५०३, तुम्ही सांगितलेला अभ्यास खरा आहे, पण त्यात आईवडिलांनी सांगितलेल्या गोष्टी नोंदवल्या आहेत. जी मुलं मुळातच नीट झोपत नाहीत, त्यांनाच आधी पलंगावर नेलं गेलं असं असू शकतं. त्यातून एवढंच घ्यायचं की मूल क्रिबमध्ये सुखाने झोपत असेल तर केवळ वय झालं म्हणून हलवू नका. पण कठडा ओलांडणाऱ्या मुलाला आत ठेवा असं कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा हिशोब सोपा आहे: मुलाची उंची ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर झाली, किंवा कठडा त्याच्या उंचीच्या पाऊणपटीपेक्षा कमी भरायला लागला, की क्रिब संपला. वरून पडलेलं मूल डोक्यावर पडतं. मी वॉर्डात पाहिलंय, म्हणून जीव तुटतो.

४०२ छकुलीची आई: ती ९१ आहे, सिस्टर. कालच भिंतीला उभी करून मोजली.

१०४ सिस्टर: मग बरोबर केलंत. चर्चाच नको.

५०३: बरं. घाई दुसऱ्यासाठी क्रिब रिकामा करायची तर नव्हती ना? सहज विचारलं. 😊

४०२ छकुलीची आई: नाही, ताई. आणि असतं तर आधी आईला सांगितलं असतं, ग्रुपला नाही.

१०४ सिस्टर: ज्यांच्याकडे बाळ येणार असेल त्यांच्यासाठी सांगते. पहिल्याला हलवायचं तर बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी हलवा, नाहीतर घर जरा स्थिरावेपर्यंत थांबा. बाळ आलं आणि त्याच आठवड्यात आपली जागा गेली, असं पोराच्या मनात बसायला नको.

३०२ काकू: हे सगळं ठीक आहे. पण दीड वाजता मी काय करू? सरळ बाहेरून कडी लावा. रडेल दोन दिवस, मग समजेल.

४०२ छकुलीची आई: काकू, कडी नाही लावणार. दार उघडलं की ती पांघरुणाचं टोक मुठीत धरून उभी असते, खालचा ओठ बाहेर. तिला अंधारात बंद करून मला झोप लागणार नाही.

१०४ सिस्टर: कडी नकोच. रात्री धूर झाला, आग लागली, तर ते दार उघडायला कोण किती वेळ घेईल? दाराच्या चौकटीत बसणारं बेबी गेट लावा. दिसतं, ऐकू येतं, आणि मूल एकटं घरभर फिरत नाही. पण खरं काम खोलीत आहे. क्रिबमध्ये होती तोपर्यंत रात्री तिचा हात फक्त कठड्यापर्यंत पोचत होता. आता ती अख्ख्या खोलीत एकटी जागी असणार. ड्रॉवरचं कपाट भिंतीला आवळा. मुलं खालचे ड्रॉवर ओढून पायऱ्यांसारखी चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. पडद्याच्या, ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्या वर गुंडाळून बांधा, त्यांचा गळ्याला फास बसतो. पलंग खिडकीखाली नको. खिडकीला जाळी पुरेशी नाही, गज हवेत.

४०२ छकुलीची आई: पलंग भिंतीला चिकटवलाय, एका बाजूने तरी पडायला नको म्हणून. दुसऱ्या बाजूला लावायचा सुटा कठडा मागवू का?

१०४ सिस्टर: भिंत आणि गादीमध्ये फट राहते, पोर त्यात घसरून अडकतं. एक तर फट अजिबात राहू देऊ नका, नाहीतर पलंग चांगला लांब ओढा. सुटा कठडा दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लावतच नाहीत. तिचं वय झालंय, पण गादी आणि कठड्यात फट पडली तर तीच भीती. बंक बेडचा वरचा मजला तर सहा वर्षांपर्यंत मनातही आणू नका.

२०१ काका: म्हणून सकाळपासून सांगतोय. खाली गादी टाका.

१०४ सिस्टर: काका, तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण रोज सकाळी ती गादी उचलून उभी करायची. खालून हवा लागली नाही की ओल धरते, बुरशी येते. तेवढं कराल ना, ४०२?

४०२ छकुलीची आई: करेन. उडीचा आवाजही जाईल.

२०१ काका: धन्यवाद. विषय संपला.

३०२ काकू: उडी गेली. पळापळ?

१०४ सिस्टर: ती उठून आली की हात धरून परत नेऊन निजवायचं. दिवा नाही, गोष्ट नाही, रागावणंही नाही. "आता झोपायचं," बस. पहिल्या काही रात्री पुन्हा पुन्हा करावं लागेल, आणि दोघांनी सारखंच करायचं. आईने परत नेलं आणि बाबाने कुशीत घेतलं, की ती रोज बाबाला शोधत येणार. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबते का तेही बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाचला १० ते १३. ती दोन्हीच्या मधे आहे, त्यामुळे पूर्वीइतकी झोप लागतेच असं नाही.

४०२ छकुलीचे बाबा: वाचलं. बाबा म्हणजे मी. आजपासून परत नेतो.

६०२: जिन्यातला क्रिब द्यायचा आहे का? बहिणीला हवाय. टाकीचं उत्तरही द्या कोणीतरी.

१०४ सिस्टर: बाजू खाली सरकणारा आहे का ते आधी पाहा. तसे क्रिब अमेरिकेत जून २०११ पासून बनवायला आणि विकायलाही बंदी आहे. बाजू निखळून बाळं फटीत अडकून गेली आहेत. दोन पट्ट्यांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि पिशवीतला एकही स्क्रू कमी नको.

४०२ छकुलीचे बाबा: बाजू पक्क्या आहेत. जोडताना स्वतः येईन. ड्रिल मशीन कोणाकडे आहे? कपाट आवळायचंय.

३०२ काकू: आमच्याकडे आहे. ह्यांना दुपारी झोप लागते, त्याआधी उरका. एक जाड गालिचाही पडून आहे, घेऊन जा. धावेल ती त्यावर.

४०२ छकुलीची आई: येते काकू, संध्याकाळी. छकुलीलाही आणते.

सेक्रेटरी: ड्रिल रविवारी ११ ते १ याच वेळेत. क्रिब रविवारपर्यंत हलवावा. चपलांच्या कपाटाचा मुद्दा पुढील सभेत.

५०३: पुढील सभेत मीही काही मुद्दे आणणार आहे.

३०१: रविवारपर्यंत म्हणजे? आज रात्री मी घरी कुठून जायचं?