वादळातल्या दहा चिनी नौका

'सीमावाद मिटेपर्यंत भारत-चीनने जगाचे नियम मिळून सुधारण्याच्या गोष्टीच करू नयेत' हे मत मला पटत नाही. जून २०१९मध्ये 'वायू' चक्रीवादळ आलं, तेव्हा दहा चिनी नौकांना आपल्या तटरक्षक दलाने रत्नागिरीत आसरा घेऊ दिला. मासेमारी बंदीचे दिवस, आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि जेटीवर दिवसभर तोच विषय. सीमावाद तेव्हाही होताच की! पण वादळात सापडलेल्याला थारा द्यायचा, हा दर्याचा रिवाज दोन्ही देश मानतात.

जुलै २००८मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटीतही, आयातीच्या लोंढ्यापासून शेतकऱ्याला वाचवणाऱ्या तरतुदीसाठी दोघे एका बाजूने लढले. मासेमारी अनुदानावर मात्र सूर जुळले नाहीत. याच संघटनेच्या २०२२च्या वाटाघाटीत भारताने विकसनशील देशांसाठी अनुदानबंदीतून २५ वर्षांची सवलत मागितली होती. माझ्या भावाची होडी दोन सिलिंडरची. डिझेलचा सरकारी परतावा, म्हणजे आमचं अनुदान, रखडला की हंगाम संपायच्या आधी, शिमग्यानंतरच ती किनाऱ्यावर चढते. तिला आणि महिनोन्‌महिने खोल समुद्रात राहणाऱ्या चिनी ताफ्याला एकच माप कसं लावणार? दोघांनी आधी बसून सोडवायला हवा तो हा प्रश्न.