मदत हवी आहे: गेमच्या आत अडकलेल्या मुलांची किशोर कादंबरी. मेलं की परत जिवंत, मग धोका कसला दाखवू?

कातरवेळ

नमस्कार मंडळी. जुन्या टीव्ही गेमवर वाढलेले, गेम बनवणारे आणि मुलांसाठी लिहिणारे अशा सगळ्यांचीच मदत हवी आहे, धागा थोडा लांबला तर सांभाळून घ्या.

साधारण तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहितेय. काळ २००७, जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सुट्टीत मामाकडे आलेली पंधरा वर्षांची इरा आणि तिचा अकरा वर्षांचा मामेभाऊ सोनू. मामा टीव्ही रिपेअरिंग करायचा, आता तो नाही, घरी मामी आणि आजी. माळ्यावर मामाचा जुना टीव्ही गेम सापडतो, तोच तो पिवळी-काळी कॅसेट वरून खोचायचा, आणि त्यातल्या एका लेबल नसलेल्या कॅसेटमधून ही दोघं आत ओढली जातात. आत सात बुरुजांचं एक राज्य आहे, बुरुजांच्या मधून काळी नदी वाहते, ती पार करून देणारी चंदी नावाची नावाडीण आहे, इराच्याच वयाची, आणि सातव्या बुरुजात कोण बसलंय ते मला माहीत आहे पण इथे सांगत नाही.

चार प्रकरणं झाली म्हणून शेजारच्या नववीतल्या मुलीला वाचायला दिली. तिने मन लावून वाचली आणि शेवटी एवढंच विचारलं, "मावशी, आत मेले तर परत स्टार्टपासून खेळतील ना, मग घाबरायचं कशाला?" आणि तिचं बरोबरच आहे हो. मी बुरुजावरून पडणं, मगरी, आगीचे गोळे सगळं घालून ठेवलंय पण लाईफ गेली की पुन्हा पहिल्या पायरीवर उभे, मग वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणार कुठून?

गेममधे मेलात की खरंच मेलात हा मार्ग मला नकोय. जपानी कथांमधे तो इतका वापरून झालाय की मुलं दुसऱ्याच पानावर ओळखतील, आणि दुसरं म्हणजे अकरा वर्षांच्या सोनूच्या डोक्यावर ती तलवार टांगून मला तीनशे पानं लिहवणार नाहीत. मला धोका असा हवा की जो गेमच्या पोटातूनच आलाय, म्हणजे ही गोष्ट जंगलात किंवा किल्ल्यात घडली असती तर तो धोका शक्यच नव्हता. त्यासाठी हे जुने गेम आतून नेमके चालायचे कसे ते समजून घ्यायचंय. जाणकारांनी प्लीज हातचं राखून न ठेवता लिहा.

घाटमाथा

ताई, माझं मत सरळ आहे, जिवाची भीती नसेल तर साहस कसलं. तीन लाईफ द्या, एक पहिल्याच बुरुजावर घालवा, दुसरी मधे कुठेतरी, तिसरीवर सगळी कादंबरी चालवा. वापरून झालंय म्हणता पण जे चालतं ते चालतं. मुलं पानं उलटतात ती पुढे वाचतोय का मरतोय यासाठीच.

जुनी_कॅसेट

मी हे जुने कन्सोल दुरुस्त करतो, धंदा म्हणून नाही, आवड म्हणून, त्यामुळे आतलं सांगू शकतो. तुमच्या वर्णनावरून ते जपानच्या ८ बिटवाल्या फॅमिकॉमची नक्कल असणार, आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेलं यंत्र तेच.

पहिली गोष्ट, त्या यंत्राची स्वतःची काम करायची मेमरी फक्त २ केबी. मारिओचा पहिला भाग (१९८५) अख्खा मिळून ४० केबीचा आहे, आज व्हॉट्सॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. मग बनवणाऱ्यांनी काय केलं, जिथे जमेल तिथे वाचवलं. मारिओतले ढग आणि झुडपं नीट बघा, चित्र एकच आहे, रंग फक्त बदललाय. त्याच मारिओत मागे जाता येत नाही, स्क्रीन पुढे सरकली की मागची वाट बंद. आता इरा आत उभी आहे, मागे वळली, आणि ज्या वाटेने आली ती वाटच नाही, नुसती अदृश्य भिंत. मला तरी हे मगरीपेक्षा भीतीदायक वाटतं.

दुसरी, जी माझ्या मते तुमच्या फार कामाची आहे. ते यंत्र एका आडव्या ओळीत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवू शकतं. आठ पिक्सेल रुंदीचा एक तुकडा, छोटा मारिओ आडवा दोन तुकड्यांचा. म्हणजे तशा चार जणांत ती ओळ भरली. पाचवा त्याच ओळीत आला की तो दिसत नाही, किंवा गेम आळीपाळीने एकेकाला लपवतो आणि सगळेच लुकलुकायला लागतात. लहानपणी एकदम खूप शत्रू आले की ते चमकायचे आठवतंय का, ते हेच. तर तुमच्या राज्यात चारच्या वर माणसं एका रांगेत उभी राहिली की कोणीतरी विझायला लागतं. तिथल्या लोकांना कारण माहीत नाही, त्यांनी त्याचा धर्म करून टाकलाय, पंगतीला चारच जण बसतात, प्रेताला खांदा द्यायलाही चारच. मग तिथे सोनू पाचवा जाऊन उभा राहतो.

तिसरी, आकडे. आठ बिटात २५५ च्या पुढे मोजता येत नाही. झेल्डाच्या पहिल्या भागात २५५ च्या वर पैसे साठतच नाहीत. पॅकमॅनच्या २५६ व्या लेव्हलला अर्धी स्क्रीन अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरते आणि खेळ तिथेच खुंटतो, म्हणजे ती त्या जगाची खरीखुरी हद्द. आणि मारिओत १२७ च्या वर लाईफ जमवल्या तर हिशोब उणे होतो, पुढच्या वेळी मेलात की सरळ गेम ओव्हर. हावरटाला शिक्षा करणारा नियम तुम्हाला आयता मिळाला, बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम घातला नव्हता एवढंच.

रानजाई

वर घाटमाथा दादांनी लिहिलंय त्याच्याशी सहमत नाही. नववीतल्या मुलीला मरणाची भीती तितकी नसते जितकी मैत्रीण बोलायची बंद झाली तर वाटते. मी शाळेत शिकवते, रोज बघते.

कातरवेळ ताई, तुमचा धोका तुमच्याच पोस्टमधे आहे. चंदी! लाईफ संपली की पुन्हा स्टार्ट, बरोबर? इराला सगळं आठवेल, ती बाहेरची आहे. पण चंदी गेमची आहे, ती पण स्टार्टपासूनच सुरू होणार. मग इरा धावत नदीवर येते आणि चंदी तिला सांगते, "नाव काय तुझं? पलीकडे जायचे दोन दमड्या पडतील." पहिल्या भेटीत म्हणाली होती तेच वाक्य, त्याच सुरात. एकदा हे वाचलं की पुढच्या प्रत्येक वेळी इराची लाईफ धोक्यात आली की वाचणारा चंदीसाठी घाबरेल.

अजून एक, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स यांचा 'राजी' बघितलाय का? २०२० मधे आला. त्यात राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत जाते, राजस्थानी महाल, भिंतींवरची चित्रं. तुमची बहीण-भाऊ जोडी आहे म्हणून सांगितलं, एकदा खेळून घ्या म्हणजे नकळत सारखं काही व्हायला नको.

कातरवेळ

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी खरंच उठून घरभर फिरले. दोन दमड्यांचं ते वाक्य मी जसंच्या तसं घेणार आहे, चालेल ना? राजी बघते. माझ्याकडे सोनू पळवला जात नाही, तो इराच्या बरोबरच असतो आणि निम्म्या वेळा तोच तिला सोडवतो, त्यामुळे तिकडे तरी अडचण येऊ नये.

जुनी_कॅसेट, पंगतीला चारच जण हे तर सोनं आहे. पण तुमच्याच माहितीवरून एक शंका आली. माझी गोष्ट २००७ ची आहे आणि त्या वर्षांत आमच्या भागात दहा-दहा बारा-बारा तास लाईट नसायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक लोक पाठ करायचे, दळण कधी, पाणी कधी भरायचं, मोटर कधी लावायची सगळं त्याच्यावर. मुलं आत आहेत आणि बाहेर लाईट गेली तर? म्हणजे चंदीनेच इराला एकदा विसरायचं असं नाही, अख्खं राज्यच रोज ठराविक वेळेला पुसलं जाणार. इराच्या हातावर घड्याळ आहे, आजचं शेडिंग दुपारी दोनला आहे हे तिला माहीत आहे, आणि नदीच्या काठावर पावणेदोन वाजलेत. असं होऊ शकतं का, का मी यंत्राविरुद्ध काही लिहितेय?

जुनी_कॅसेट

अगदी होऊ शकतं. आपल्याकडच्या स्वस्तातल्या कॅसेट, त्या ९९९९९९ इन १ वगैरे, त्यांच्यात सेव्ह हा प्रकारच नसायचा. वीज गेली, मेमरी कोरी.

पण काही कॅसेटमधे असायचा. झेल्डाची कॅसेट अमेरिकेत १९८७ मधे आली तिच्या आत ३ व्होल्टचा बटणासारखा चपटा सेल आहे, आत एक छोटी मेमरी चिप आहे आणि कन्सोल बंद असताना तो सेल तिला जिवंत ठेवतो. चालू असताना चिप कन्सोलचीच वीज खाते, बंद झाला की सेलवर येते. सेल दहा-पंधरा वर्षं जातो, कधी त्याहूनही जास्त, आणि ज्या दिवशी मरतो त्या दिवशी आतलं सगळं सेव्ह गेलं. वरून काही कळत नाही, गेम चालू होतो, फक्त तुमचं नाव तिथे नसतं.

आता तुमचा मामा रिपेअरिंगवाला. त्याने १९९३ च्या आसपास ती कॅसेट स्वतः बनवली, सेल स्वतः सोल्डर केला असं धरा. २००७ मधे तो सेल शेवटच्या घटका मोजतोय. म्हणजे आधी लाईट गेली की राज्य सेलवर तग धरतं, आकाश फिकट होतं, चंदीला अधलंमधलं आठवत नाही, आणि दर खेपेला थोडं जास्त पुसलं जातं. एकदम सगळं जाण्यापेक्षा हे बरं पडेल. खऱ्या चिपमधे असं हळूहळू होत नाही, व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की डेटा बिघडतो, पण कादंबरीत एवढी सूट घ्या.

सेल बदलायला गेलात तरी अडचण आहे. जुना काढला की त्या क्षणी मेमरी जाते. काही जण कन्सोल चालू ठेवूनच कॅसेट उघडून सोल्डरिंग करतात, म्हणजे चिपला वीज मिळत राहते, पण हात जरा हलला आणि शॉर्ट झालं की सगळंच गेलं.

घाटमाथा

हे वाचून मी माझं तीन लाईफवालं मत मागे घेतो. पण एक विचारतो, मुलं आत असताना बाहेर कोणी काहीच करत नाही का? आजी कुठे आहे? दोन पोरं गायब आहेत आणि टीव्हीवर गेम चालू आहे, आजी काही झोपून राहणार नाही.

रानजाई

+१. आजी हवीच. आणि मंत्र पण हवेत गेममधे, वर-वर-खाली-खाली वालं, म्हणजे ठराविक क्रमाने बटणं दाबली की गेम सोपा करून देणारं, ते कोणी सांगितलंच नाही अजून! ते कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रेडियससाठी घातलं होतं, गेम तपासताना त्यांना स्वतःलाच तो जमेना म्हणून. आपल्याकडे सगळ्यांना ते कॉन्ट्रा या गेममधे त्याने मिळणाऱ्या तीस लाईफमुळे पाठ. मामाने पण स्वतःच्या गेममधे स्वतःसाठी एखादी चोरवाट ठेवली असेल आणि ती आजीला माहीत असेल, कारण तो रात्री खेळायचा तेव्हा ती शेजारी वाती वळत बसायची.

जुनी_कॅसेट

आजीवरून आठवलं, हे तर मी आधीच लिहायला हवं होतं. झेल्डा बंद करताना रिसेटचं बटण दाबून धरायचं आणि मग पॉवर बंद करायची, अशी सूचनाच दिलेली होती. कारण वीज जाते त्या क्षणी व्होल्टेज पडत असताना प्रोसेसर भरकटतो आणि सेव्हच्या मेमरीत काहीबाही लिहून ठेवू शकतो. रिसेट दाबलेला असला की प्रोसेसर जागच्या जागी थांबलेला असतो, मग लिहिणार कोण. म्हणजे लाईट जाण्याच्या आधी बाहेरच्या माणसाचं बोट त्या बटणावर असेल तर आतलं राज्य शाबूत, नसेल तर काय होईल सांगता येत नाही.

कातरवेळ

आजी. आजीचं बोट.

दादा, एकच विचारायचंय आणि मग लिहायला बसते. रिसेट दाबून धरला तर आतल्यांचं त्या वेळी काय होतं? आणि लाईट जायच्या आधी किती वेळ धरावा लागेल? दोनचं शेडिंग कधी पाच मिनिटं आधी जातं, कधी दहा मिनिटं उशिरा, आजीला काही नेमकं कळणार नाही.

जुनी_कॅसेट

दाबून धरलेलं असेपर्यंत प्रोसेसर काहीच करत नाही, म्हणजे आत काळ थांबतो. आणि वीज असताना सोडला तर गेम पहिल्या स्क्रीनवर जातो, जेवढं सेव्ह झालंय तेवढंच उरतं, त्यामुळे एकदा दाबला की मधे सोडून चालणार नाही. वेळेला मर्यादा नाही, सेकंदभर आधी दाबला तरी पुरतो, अर्धा तास धरून बसलं तरी यंत्राला काही होत नाही. फक्त आजी जितकं आधी दाबेल तितका आतल्या मुलांचा वेळ कमी होणार, आणि चंदीला सेव्हच्या बुरुजापर्यंत न्यायला त्यांना तोच वेळ हवाय.

कातरवेळ

मिळालं. सगळ्यांचे मनापासून आभार, पाचवं प्रकरण झालं की इथेच टाकते. मधल्या काळात कोणाला पंगतीसारखे अजून नियम सुचले तर जरूर लिहा, दोन बुरुज अजून रिकामे आहेत.