पावसाळ्याआधी वाडीतली घरं नकाशावर घ्यायचीयेत, कुठली सॅटेलाइट इमेज वापरू?

डोंगरवाट:
आमच्या पोलादपूरकडच्या बऱ्याच वाड्या ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा) नुसता नावाचा ठिपका, घर एकही नाही. २०२१ ला तळीयेवर दरड आली, २०२३ ला इर्शाळवाडीवर, बचाव टीम अंधारात पावसात चालत वर गेल्या, ढिगाऱ्याखाली कुठे किती घरं होती हे तरी हातात असायला हवं ना. सेंटिनेल-२ उपग्रहाची इमेज फुकट म्हणून उघडली तर नुसता धुरकट पट्टा दिसतो. गुगलचा ओपन बिल्डिंग्स डेटा, म्हणजे इमेजवरून ओळखलेल्या घरांच्या तयार आकृत्या, थेट टाकला तर?

नकाशेवाला:
सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल म्हणजे १० मीटर, अख्खं घर त्यात गडप होतं. आयडी एडिटरमध्ये (ओपनस्ट्रीटमॅपवर ब्राउझरमधूनच नकाशा काढायचं साधन) बिंग किंवा एस्रीची इमेज लावा, दोन्हीत जी पावसाळी नाही ती घ्या. आधी छप्पर ट्रेस करा आणि मग आकृती सरकवून जोत्यावर आणा, कारण इमेज तिरकी काढलेली असते आणि डोंगरात तर घर भलतीकडेच दिसतं. काटकोनासाठी क्यू दाबा.

कोकणी_माणूस:
गुगलचा डेटा सरसकट टाकू नका प्लीज, इम्पोर्ट म्हणजे तयार डेटा एकदम चढवायचा तर आधी कम्युनिटीत चर्चा करावी लागते. शिवाय तो मशीनने ओळखलेला, आंब्या-फणसाखालचं कौलारू घर सुटतं आणि गोठा किंवा पेंढ्याची उडवी घर म्हणून येऊ शकते. बाजूला उघडून ताडून बघायला मात्र छान आहे.

सह्यकडा:
आणि हे आत्ताच करा. दरड पडते तेव्हा वर ढग असतात, साधी इमेज मिळतच नाही. वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरड आली तेव्हा इस्रोच्या एनआरएससी या दूरसंवेदन केंद्राने नंतरचं चित्र रिसॅट उपग्रहाच्या रडारने घेतलं आणि आधीचं म्हणून कार्टोसॅट-३ उपग्रहाची मे २०२३ ची इमेज लावली. रडार ढगाआडून बघतं खरं पण त्यात एकेक कौलारू घर ओळखणं फार अवघड, म्हणून आधीचा घरांचा नकाशा तयारच लागतो.

डोंगरवाट:
खूप आभार सगळ्यांचे. घर कुठलं नि गोठा कुठला ते अंगणवाडीताईंना विचारून टॅग करतो. पण निम्मी घरं मुंबईकरांची, गणपतीलाच उघडतात, ती कशी दाखवू?

नकाशेवाला:
घर म्हणूनच दाखवा, गणपतीत माणसं असतात आणि पाऊसही असतोच की. फक्त कुठल्या घरात कोण आणि किती माणसं हे ओपनस्ट्रीटमॅपवर अजिबात नको, ते सगळ्या जगाला दिसतं. ती यादी ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडे कागदावर द्या, दर मे महिन्यात नवी करून.